चाळीस सेकंदांचा निरोप

आमच्या पंपावर फुकट काही मिळत नसे. चहा नाही, कागदी रुमालांची पेटी नाही, काच पुसायला माणूस नाही. तहान लागली असेल तर मागे नळ आहे, आपल्या हाताने प्या. हे सगळं मी ठरवलं होतं आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. त्या जोरावरच आमच्या हमरस्त्याच्या चाळीस किलोमीटरच्या पट्ट्यात आमच्याइतकं स्वस्त पेट्रोल चौदा वर्षं कुणाला देता आलं नाही. लाज वाटते ती एकाच गोष्टीची, आणि ती सांगायची तर आधी आमच्या ह्यांच्याविषयी सांगायला हवं.

इवाओ त्यांचं नाव. सोळाव्या वर्षी बंदराच्या गावातल्या पंपावर कामाला लागले आणि तिथे त्यांना पहिली गोष्ट शिकवली गेली ती पेट्रोल भरण्याची नव्हे, निरोप देण्याची. गाडी भरली, पैसे झाले, की टोपी सरळ करायची आणि धावत हमरस्त्यावर जायचं. एक हात वर करून येणाऱ्या गाड्या थांबवायच्या, दुसऱ्या हाताने आपल्या गिऱ्हाइकाला बोलवायचं, आमच्या तोंडी बसलेल्या 'ऑल राइट'ने, "ओराय, ओराय!" गाडी रस्त्याला लागली की टोपी काढून कमरेत वाकायचं. तेव्हा सगळेच पंपवाले हे करत. पण बाकीचे वाकून लगेच उठत. आमचे हे, पुढे स्वतःच्या पंपावरही, गाडी पुलाकडे गेली तर ती पूल ओलांडेपर्यंत उठायचे नाहीत आणि गावाकडे गेली तर पुढच्याच, शिबाता नावाच्या माणसाच्या पंपापुढे जाईपर्यंत. बैलगाडीच्या वेगाने जाणारी म्हातारी माणसं असली की मला आतून बघताना वाटायचं, आता हे तसेच राहतात की काय.

मला मात्र हे आवडायचं. एकाहत्तर साली आम्ही स्वतःचा पंप काढला. डोक्यावर कंपनीची लाल पक्ष्याची पाटी, दोन मदतनीस, चार गणवेश. लोक सांगायचे, "किनुए-सान, तुझ्या नवऱ्याने वाकून निरोप दिला की दिवसभर आपण कुणीतरी असल्यासारखं वाटतं." मी वरवर "इश्श, काहीतरीच" म्हणायचे आणि आत जाऊन सुखावायचे.

मग दिवस फिरले. जगभर तेलाचे भाव दुसऱ्यांदा भडकले, त्या तेलधक्क्यानंतर कंपनी आम्हाला ज्या भावाने पेट्रोल द्यायची, जवळपास त्याच भावाने नव्या बाह्यवळणावरचे मोठे पंप ते गिऱ्हाइकाला विकायचे. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तर असं झालं की दुपारभर मी आणि ते खुर्च्या टाकून रस्त्याकडे बघत बसायचो आणि गाड्या आमच्यासमोरून सरळ निघून जायच्या. त्यातल्या कित्येक आमच्याच गिऱ्हाइकांच्या असायच्या. ओळख लागू नये म्हणून ती पलीकडे भाताच्या खाचरांकडे बघत गाडी हाकायची.

त्याच दिवसांत एक पोचे पडलेली गाडी येऊन थांबली आणि आतून निवा-सान उतरले. बंदरावर तेलाची दलाली करायचे. गोल चेहरा, गळ्यात घामाचा पंचा.

"वहिनी, दोन मिनिटं आहेत का?"

"दोन काय, दुपारभर आहे," मी म्हणाले. "बघताच आहात."

"मग ऐका. रिफायनरी म्हणजे काय तुमची शेगडी आहे, नको तेव्हा विझवली? ती चालूच असते. खप झाला नाही की टाक्या तुडुंब. त्यात पुढचं जहाज बंदरात येऊन उभं राहिलं की कंपनीच्या साहेबांना घाम फुटतो. मग उरलेला माल आमच्यासारख्यांना हळूच देतात. अट एकच, कंपनीचं नाव घ्यायचं नाही. पाटी नाही, जाहिरात नाही, रुमालांच्या पेट्या नाहीत. त्यामुळे लिटरमागे सात येन कमी."

"आणि माल कुठला?" ह्यांनी विचारलं.

"तोच, दादा! त्याच टाकीचा, त्याच नळाचा. पुढे लाल पक्ष्याचा टँकर भरत असतो आणि मागे रांगेत माझा पांढरा उभा असतो. अंगावर अक्षर नाही म्हणून पेट्रोल काय वेगळं जळतं?"

"मग पाटी लाल पक्ष्याची ठेवून पहाटे गुपचूप तुमचा टँकर रिकामा करणारेही असतील."

"आहेत की. नावं नका विचारू."

"मला ते जमणार नाही," हे म्हणाले. "दुसऱ्याची टोपी घालून असला धंदा करायचा नाही. करायचा तर टोपी परत करून."

निवा-सान माझ्याकडे बघून हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांची अट साधी होती. हा भाव हवा असेल तर तीन दिवसांनी एक अख्खा टँकर घ्यायचा, सोळा हजार लिटर. वर्षअखेरपर्यंत तो वेग टिकला तर भाव कायमचा आमचा. नाही टिकला तर रांगेत दुसरे आहेत. स्वस्तात विकणाऱ्याला लिटरमागे सुटतं ते इतकं थोडं, की गाड्यांवर गाड्या लागल्या तरच चूल पेटते. आमच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. जमीन नाही, नोकरी नाही, ना इवाओंना पंपाखेरीज काही येत होतं. तीन दिवसांनी एक टँकर, एवढ्यावर सगळं अडलं होतं.

सप्टेंबरात क्रेन आली आणि लाल पक्षी उतरवला. वर नुसता खांब राहिला. चारही गणवेश मी धुऊन, इस्त्री करून घडी घालून दिले. कंपनीचा माणूस टोपीसुद्धा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी हे शेतीच्या दुकानातून एक साधी निळी टोपी घेऊन आले, ज्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि ती घालून आरशासमोर बराच वेळ उभे राहिले.

मग मी पदर खोचला, म्हणजे आमच्याकडे पदर नसतो, पण समजून घ्या. दोघा मदतनिसांना लाकडाच्या वखारीत काम मिळवून दिलं. गाड्यांतल्या राखदाण्या रिकाम्या करणं बंद. काचा पुसणं बंद, त्यासाठी बादली आणि फडकं कडेला, ज्याला हौस असेल त्याने पुसावं. उधारी बंद, रोख द्या आणि जा. बाकीचे रविवारी पंप बंद ठेवायचे, आम्ही उघडा ठेवला. दिव्यांच्या आठ नळ्यांपैकी पाच काढल्या. भावाचा बोर्ड प्लायवुडचा, आकडे मी स्वतः रंगवलेले. सकाळी सहाला मी दुर्बिणीतून तीनशे मीटरवरच्या शिबाताच्या पंपावरचा आकडा बघायचे आणि बांबूच्या आकड्याने आमचा आकडा टांगायचे, पाच येन कमी. शिबाता तापट माणूस. एकदा त्याने बोर्डाऐवजी माझ्याकडेच तोंड करून जीभ बाहेर काढली. दुर्बिणीत ती फार मोठी दिसली.

लोक बिचकत होते. बिननावाच्या पेट्रोलात पाणी असतं, इंजिन बसतं, अशी कुजबुज. ती मोडली ओगाता गुरुजींनी. निवृत्त शिक्षक, विषय विज्ञान, गाडी वीस वर्षांची, पेन्शन बेताची. ते काचेच्या दोन बरण्या घेऊन आले, लाल पक्ष्याचं पेट्रोल एका बरणीत, आमचं दुसरीत, दोन्ही उन्हात धरल्या, हलवल्या, हुंगल्या आणि रांगेतल्या लोकांकडे वळून म्हणाले, "जुळी भावंडं आहेत. एकाचं बारसं झालं नाही, एवढंच." त्या दिवसापासून गाड्या लागल्या.

आणि गाड्या लागल्या तिथेच घोडं अडलं. आता पंपावर माणसं दोनच, मी आणि हे. मी एका नळीवर, हे दुसरीवर. पण कुणाच्याही नळीवरची गाडी भरली की हे निघाले धावत रस्त्यावर! हात वर, "ओराय, ओराय", मग टोपी काढून कमरेत वाकणं, मग पूल. तोवर मागची गाडी तशीच उभी. रविवारी रांग हमरस्त्यावर गेली आणि शेपटाकडच्या गाड्या एकेक करून वळून शिबाताकडे जाऊ लागल्या. मी नळी हातात धरून बघत होते.

सोमवारी सकाळी जेवणाच्या चौरंगावर मी विषय काढला.

"अहो, चाळीस सेकंद."

"कसले चाळीस सेकंद?"

"तुमच्या एका निरोपाला लागतात. काल मी घड्याळ लावून मोजलेत."

त्यांनी सुपाची वाटी खाली ठेवली आणि अपराध्यासारखी मान हलवली. "कमी आहेत," ते म्हणाले. "मला माहीत आहे. हल्ली घाईत लवकर उठतोय मी. गाडी पुलावर असते अजून."

मला हसावं की कपाळावर हात मारून घ्यावा कळेना. "अहो, कमी नाही म्हणत मी! जास्त म्हणतेय! दिवसाला दोनशे गाड्या, म्हणजे दोन तासांच्या वर तुम्ही नुसते वाकलेले असता. तेवढ्यात साठ गाड्या भरून होतील. आजपासून निरोप बंद."

"मग गाडी रस्त्याला नीट लागली की नाही हे कोण बघणार?"

"चालवणारा बघेल. त्याला डोळे आहेत, परवाना आहे."

"म्हणजे पैसे घ्यायचे आणि पाठ फिरवायची."

"पाठ नाही फिरवायची. पुढच्या गाडीकडे तोंड करायचं."

त्यांनी सूप तसंच ठेवलं. टोपी घेतली आणि बाहेर गेले. त्यांनी लाल पक्ष्याची टोपी दिली, गणवेश दिला, राखदाण्या, काचा, सगळं निमूट सोडलं होतं, कारण मी म्हणाले होते. हेही सोडलं. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

पण पुढे जे झालं ते माझ्या हिशेबात नव्हतं. सकाळची पहिली गाडी आली, टाकी भरली, पैसे दिले, आणि ती गाडी जाऊन पंपाच्या तोंडाशी थांबली. हमरस्ता मोकळा होता. इंडिकेटर टिकटिक करत होता. गाडी हलेना. तिच्या मागे दुसरी जाऊन उभी राहिली, तिसरी. बाहेर जायची वाट बंद, म्हणून आतल्या गाड्यांना नळीपासून हलता येईना, म्हणून बाहेरच्या आत येईनात. आणि आमची माणसं अशी की पुढचा मेला तरी हॉर्न वाजवणार नाहीत. सगळे शांतपणे मांडीवर हात ठेवून बसलेले.

मी धावत पुढे गेले. पहिल्या गाडीत ओगाता गुरुजी.

"गुरुजी, काय झालं? गाडी बंद पडली का?"

"नाही, छान चालू आहे."

"मग जा की!"

"जा म्हणून कुणी सांगितलं नाही अजून," गुरुजी म्हणाले. मग काच आणखी खाली करून हळू आवाजात, "इवाओला बरं नाही का? तसं असेल तर मी थांबतो, घाई नाही."

"गुरुजी, निरोप बंद केलाय आम्ही. भाव कमी ठेवायचा म्हणून."

"असं असं," गुरुजी म्हणाले. "फार चांगलं केलंत." तरी ते हलेनात. मला वाटतं, त्यांचा पायच उचलेना. जन्मभर पंपावरून ते स्वतःहून कधी निघालेच नव्हते. कुणीतरी काढल्यावर निघायचे. शेवटी मीच हात हलवून त्यांना रस्त्यावर घातलं. पुढच्या गाडीतली बाई म्हणाली, "माझं काही चुकलं का? सुट्टे कमी पडले का?" तिसऱ्याला वाटलं, टाकीचं झाकण उघडं राहिलं असेल म्हणून सोडत नाहीयेत. दिवसभर हेच. मी नळी टाकून हात हलवायला धावत होते, आणि माझ्या निरोपाला घड्याळ लावलं असतं तर पन्नास सेकंद भरले असते.

हे नळी धरून माझ्याकडे बघत होते.

बुधवारी टँकर आला आणि आमच्या टाकीत जागाच पुरेना. चार हजार लिटर घेऊन तो परत गेला. संध्याकाळी निवा-सानचा फोन आला. "वहिनी, एकदा चालेल. दुसऱ्यांदा झालं तर मला नाही म्हणावं लागेल. राग मानू नका." फोन ठेवून मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते. मग माझं मन तयार झालं. म्हटलं, गेला भाव तर गेला. ह्या माणसाचं जे होतं ते सगळं आपण काढून घेतलं आणि हाताला काही लागलं नाही. निदान त्यांना सांगावं, "जा, रस्त्यावर जा, हवं तितका वेळ वाका." वाक्य असं जिभेवर घेऊन मी बाहेर आले.

हे आमच्या छोट्या ट्रकमधून काहीतरी उतरवत होते. डोंगरातल्या वळणावर लावतात तसला फुगीर गोल आरसा, नारिंगी खांबासकट. रस्त्याच्या ठेकेदाराच्या अंगणात टाकून दिलेला, एका कडेला चेपलेला. जुन्या ओळखीवर मागून आणला होता.

"हा तोंडाशी लावतो," ते म्हणाले. "यात दोन्हीकडचा रस्ता दिसतो. खाली पाटी रंगवून दे तू, की इथे बघा आणि मोकळं असेल तर निघा. लोकांना कुणीतरी सांगायला पाहिजे असतं, किनुए. माणूस नसेल तर आरसा सांगेल."

मी जिभेवरचं वाक्य गिळलं आणि रंगाचा डबा आणायला गेले. आरशाने काम भागत असेल तर बोलायचं कशाला? हीच ती लाज. ते वाक्य पुढे एकोणतीस वर्षं मी बोलले नाही.

आरशाने काम केलं. पहिल्या दिवशी गाड्या थांबल्या, पाटी वाचली, वर बघितलं आणि निघाल्या. गुरुजी तर आरशाला मान लववून निघाले. दुपारी मी गाडी भरताना सहज ह्यांच्याकडे बघितलं तर हे एका हाताने नळी धरून, दुसऱ्या हाताने टोपी काढून आरशाकडे तोंड करून वाकत होते. मग माझ्या लक्षात आलं. तो आरसा इतका फुगीर, की तोंडाशी थांबलेल्या गिऱ्हाइकाला त्यात रस्ता दिसायचा आणि कोपऱ्यात मागचा पंपही दिसायचा, पंपापाशी वाकलेल्या इवाओंसकट. गाडीतून लोकही मान लववायचे आणि ह्यांना ती आरशात दिसायची. तोवर नळीतून पुढच्याच्या टाकीत पेट्रोल पडतच असायचं. मी सवयीने घड्याळ लावलं. वेळ शून्य.

त्या डिसेंबरात बर्फ लवकर पडलं. लोक टायर बदलून, रॉकेलचे डबे घेऊन आमच्याकडे लोटले. शेवटच्या आठवड्यात टँकर दर दोन दिवसांनी आला. निवा-सान स्वतः नव्या वर्षाच्या मोचीचा, तांदळाच्या वड्यांचा, डबा घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, भाव तुमचा." मी रडले. हे गोदामात जाऊन नळ्या पुसत बसले, त्यांची आनंदाची रीत तीच.

एकदा जेवताना मी म्हणाले, "आरसा म्हणजे तुमची अक्कल हो. निरोपही झाला आणि गाडीही भरली."

"हं," ते म्हणाले. "त्यात माणूस तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो." आणि लोणच्याची बशी माझ्याकडे सरकवली.

ते दिवस आठवले की आजही मन भरून येतं. हाताला कायम पेट्रोलचा वास, कानात नळीची घरघर, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची परीक्षा हे सगळं टाकी भरेपर्यंतच्या वेळात कळायचं. मग कायदा बदलला. गिऱ्हाइकाने स्वतः भरून घ्यायचे पंप निघाले, माणूसच नाही, नुसती यंत्रं. आम्ही जे काटकसरीने केलं ते त्यांनी शंभरपट मोठं केलं आणि आमच्याहून तीन येन खाली गेले. शिबाता आमच्याआधी बंद झाला. शेवटच्या दिवशी तो साकेची बाटली घेऊन आला. म्हणाला, "तुझी दुर्बीण बघायचीय एकदा." मी दाखवली. तर त्याने पिशवीतून त्याची काढली, माझ्यापेक्षा भारी. चौदा वर्षं तोही बघत होता. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी मिळून खूप हसून घेतलं आणि जाताना तो ह्यांना मिठी मारून रडला.

आम्ही रॉकेलवर आणि जुन्या माणसांवर तग धरला. ओगाता गुरुजी गेले. मग दोन हजार बारा साली अग्निशमन कार्यालयाचं पत्र आलं. चाळीस वर्षांवरच्या जमिनीखालच्या टाक्या आतून नव्याने मढवा, नाहीतर बंद करा. आमच्या टाक्या पंपाच्याच वयाच्या. तेवढा खर्च करून आणखी किती वर्षं चालवणार होतो? हे चौऱ्याहत्तरचे, पाठीचा मणका झिजलेला, डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलेली. जानेवारीअखेर बंद करायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत लोक येऊन गेले. निवा-सानच्या मुलाने फुलं पाठवली होती. ऊन पडलं होतं आणि रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग वितळत होते. आता कुणी येणार नाही असं वाटलं तेव्हा हे म्हणाले, "ट्रक आण इकडे."

मी मागच्या अंगणातून छोटा ट्रक नळीपाशी लावला. त्यांनी भरायला घेतलं. अकरा लिटरवर नळी गुरगुरली आणि थांबली. जमिनीखालची टाकी आटली होती. त्यांनी नळी जागेवर अडकवली, फडक्याने पुसली. मी उतरायला दार उघडलं.

"बस," ते म्हणाले.

"कुठे जायचंय?"

"बस तर."

आणि ते निघाले. आरशाकडे तोंड करून उभे राहिले नाहीत. निळी टोपी सरळ केली आणि काठी न घेता चालत, धावल्यासारखं चालत, पंपाच्या तोंडाशी, आरशाच्या पुढे, थेट हमरस्त्यावर गेले. गावाकडून दोन गाड्या येत होत्या. त्यांनी हात वर केला. एका तरुण मुलीने घाबरून काच खाली केली, तिला वाटलं पुढे अपघात झालाय. ह्यांनी तिला मान लववली आणि दुसरा हात माझ्याकडे हलवला.

"ओराय! ओराय!"

आमचं घर पंपाच्या मागे, वीस पावलांवर. मला जायला जागाच नव्हती. पण दोन गाड्या माझ्यासाठी थांबलेल्या, आणि हे बोलवत होते. बेचाळीस वर्षांत मी त्या पंपावरून हजारो गाड्या जाताना पाहिल्या, रॉकेल पोचवायला स्वतः हजारदा गेले, पण कायम मागच्या दाराने. मला कुणी कधी निरोप दिला नव्हता. मी गियर टाकला, रस्त्यावर आले आणि पुलाकडे वळले.

गाडीच्या आरशात बघितलं. त्यांनी टोपी काढली होती आणि ते कमरेत वाकले होते, अगदी पहिल्यासारखे, खाली, पूर्ण. डोक्यावरचे चार केस वाऱ्याने उडत होते. मी पूल ओलांडेपर्यंत हा माणूस उठणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. आणि त्यांची पाठ! पेट्रोल जळतं म्हणून आयुष्यात कधी चाळीसच्या वर न गेलेली मी, मी पाय दाबला. ट्रक थरथरायला लागला. "उठा, आता उठा ना हो," मी मोठ्याने म्हणत होते आणि डोळ्यांनी पूल दिसत नव्हता.

पूल ओलांडून मी वळणापलीकडे गाडी कडेला घेतली आणि पोटभर रडून घेतलं. मग परत फिरायचं होतं. इंडिकेटर लावला. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा होता, बर्फाशिवाय काही नव्हतं. तरी मी तशीच बसून राहिले, टिकटिक ऐकत, ओगाता गुरुजींसारखी. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

परत आले तेव्हा हे ऑफिसात खुर्चीवर बसले होते, एक हात कमरेवर, टोपी मांडीवर. चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, पण डोळे मिश्कील.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"सेकंद. तू मोजले असणारच."

एकोणतीस वर्षं गिळलेलं ते वाक्य तेव्हाही निघालं नाही. मी त्यांच्या मांडीवरची टोपी उचलली, झटकली आणि खुंटीला अडकवली.

"कमी होते," मी म्हणाले.